दारातला पालथा हंडा

आमच्या शहरातल्या बागेत एक जुनं लाकडी घर जपून ठेवलं आहे. दोन खोल्या, मधून मोकळी वाट, दोन्ही टोकांना दगडी धुराडी. डॅलसच्या उत्तरेकडचा हा सगळा भाग नुसतं गवताळ माळरान होता तेव्हा टेनेसीकडून बैलगाड्या घेऊन आलेल्या एका कुटुंबाने ते बांधलं, असं दाराशेजारच्या पाटीवर लिहिलं आहे. त्या काळी इथे वस्ती करायला येणाऱ्या लग्न झालेल्या पुरुषाला एक चौरस मैल जमीन मिळायची. म्हणजे सहाशे चाळीस एकर. आमची अख्खी कॉलनी त्याच जमिनीवर उभी आहे आणि आमच्या घराच्या वाट्याला त्यातला एक पंचमांश एकर आला आहे.

पाटीवर पुढे असंही आहे की त्या कुटुंबात नवरा, बायको, पाच मुलं आणि 'काही मदतनीस' होते.

मी विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. एकाच वाक्यात मुलं मोजायची आणि मदतनीस मोजायचे नाहीत, हे मला खटकलं. ते मी शेजारच्या आजींना बोलून दाखवलं, तेव्हा कुंपणाला टेकून त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

"अकरा," त्या म्हणाल्या. "बैलगाडीमागून चालत आले ते नऊ आणि इथे जन्मले ते दोघं. आमच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी ही अकरा नावं शिकवतात. आणि ते मदतनीस नव्हते, कॅल्क्युलेटर. मदत करणाऱ्याला घरी जाता येतं."

कॅल्क्युलेटर हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. त्या तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. सरकारी इस्पितळात चाळीस वर्षं परिचारिका, शेवटची काही वर्षं अख्ख्या मजल्याच्या प्रमुख. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. आमची मुलगी लहान असताना ताप आला की आम्ही डॉक्टरच्या आधी त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या पणजीचा जन्म त्या लाकडी घराच्या मागच्या झोपडीत झालेला. पणजी गुलाम म्हणून जन्मली आणि मुक्तीची बातमी टेक्ससला पोचली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आजींच्या आजीने ते सगळं पणजीच्या तोंडून ऐकलं आणि आजींना सांगितलं. मी वयांचा मेळ घालून पाहिला. तो बसतो.

त्या घरातल्या पुढच्या खोलीत चुलीजवळ एक बिडाचा हंडा ठेवलेला असे. मी टेपने मोजला आहे: तोंड सव्वादोन फूट, खाली तीन आखूड पाय, पोटात साधारण वीस गॅलन पाणी मावेल. दोन माणसांशिवाय हलत नाही. त्याच्यापुढच्या छोट्या पाटीवर होतं, 'घरमालकिणीचा साबणाचा हंडा'. आजींचं म्हणणं, मालकिणीने त्या हंड्याला उभ्या जन्मात हात लावला नव्हता. साबण त्यांच्याच माणसांनी ढवळला, कपडे त्यांनीच उकळले, डुकराची चरबी त्यांनीच वितळवली. आणि काम संपलं की तोच हंडा ती माणसं आपल्या झोपडीच्या दारात पालथा घालायची. गुलामांनी जमून प्रार्थना करायला बंदी होती. उंबऱ्यात हंडा पालथा घातला की आतला आवाज तो पोटात धरतो, मालकापर्यंत जात नाही, अशी त्यांची समजूत. पणजी लहान असल्यामुळे तिला हंड्याला टेकून बसवायचे. कोणी येताना दिसलं की तिने त्यावर बोटाने टकटक करायची.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो की शास्त्राच्या दृष्टीने हे काही शक्य नाही. असा हंडा खोलीतला आवाज अडवू शकत नाही.

"माझी पणजी एकदाही पकडली गेली नाही," आजी म्हणाल्या. "आवाज हंड्याने अडवला की त्यांनी स्वतः दाबला, ते तू ठरव. हंडा दारात आहे म्हणून त्यांना तोंड उघडायचा धीर यायचा, एवढं मला माहीत आहे."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मुक्तिदिनाला, म्हणजे एकोणीस जूनच्या आसपास, तो हंडा एकदा, झोपडी आता उरली नाही म्हणून, त्या घराच्या उंबऱ्यात पालथा ठेवावा आणि त्याच्याशेजारी बसून पणजीचं गाणं त्यांना म्हणायला मिळावं. ते गाणं आजीकडून शिकलेल्यांपैकी घरात त्या एकट्याच उरल्या होत्या. पाटी बदला, नावं लावा, असलं काही त्यांनी मागितलंच नाही. मी म्हटलं, मागा की. त्या म्हणाल्या, "आधी पालथा तर घालू देत."

ते घर सांभाळणारी एक समिती आहे. सगळे निवृत्त, सगळे गोड बोलणारे. अध्यक्षबाई त्या मूळ कुटुंबातल्याच, पाचव्या पिढीतल्या. त्यांनी दोन वर्षं नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. कधी हंडा पालथा ठेवला तर गंजेल, कधी विम्याचा प्रश्न, कधी लहान मुलांना गोंधळात टाकायला नको. विम्याचं मी एका पानात लिहून दिलं, तेव्हा तो मुद्दा गेला. शेवटी जूनमधल्या एका शनिवारी सकाळी अकरा ते दुपारी एक, एवढी परवानगी मिळाली. आजींनी आपल्या भाच्याला सुट्टी घ्यायला लावली, चर्चमधल्या चार मैत्रिणींना बोलावलं आणि निळा पोशाख इस्त्रीला दिला.

त्याच शनिवारी त्याच बागेत आमच्या मराठी मंडळाची वटपौर्णिमा होती.

टेक्ससमध्ये वड नाही. मंडळाने त्या लाकडी घराच्या अंगणातलं जुनं ओकचं झाड वड म्हणून ठरवलेलं आहे. दरवर्षी पौर्णिमेच्या जवळचा शनिवार धरतात, पावणेदोनशे बायका नऊवारी-पैठणी नेसून येतात, झाडाला सूत गुंडाळतात, आणि पार्किंगमध्ये बसलेल्या नवऱ्यांना सात जन्म मिळतात. समितीला ही गर्दी फार आवडते. त्यांच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर दोनदा आमच्या साड्या आल्या आहेत.

मी आठवडाभर आधी मंडळाच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. हंडा म्हणजे काय, तो पालथा का, आजी कोण, वेळ काय, आणि कृपा करून त्याला कोणी हात लावू नये. सतरा अंगठे आले. त्याखाली लगेच कोणीतरी विचारलं, या वर्षी साडीचा रंग हिरवा की मोरपंखी, आणि माझा मजकूर त्या चर्चेत बुडाला.

शनिवारी सकाळी साडेआठला समितीच्या दोघांनी हंडा उंबऱ्यात आणून पालथा घातला. मी तिथे होतो. घर उघडं, दार उघडं, दारात तो काळा घुमट. मी फोटो काढून आजींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "असाच." मग मी खुर्च्या आणायला घरी गेलो. परत आलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

आमच्या मंडळात पुण्याच्या एक काकू आहेत. मुलाकडे राहतात, सगळ्या सणांची सूत्रं त्यांच्या हातात. अडल्यानडल्याला धावून जाणारी बाई, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून त्यांच्याबद्दल भलतं मत होईल. तर काकूंनी नऊ वाजता अंगणात पाऊल टाकलं आणि त्यांना दारात पालथं भांडं दिसलं.

"सवाष्णींचा सण, आणि दारात हे असं? आमच्याकडे तवासुद्धा कोणी पालथा घालत नाही. माणूस गेल्याच्या घरासारखं!"

झालं. दोन तरुण स्वयंसेवकांनी हंडा सरळ केला. काकूंच्या मैत्रिणींनी तो घासून, धुऊन, पुसून घेतला. तळाशी तांदूळ, त्यावर पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, भारतीय दुकानातून आणलेली आंब्याची पानं, नारळ. हंड्याच्या काठाला हळदीकुंकवाची बोटं, भोवती रांगोळी आणि झेंडूची माळ. मनापासून केलं होतं, सुरेख दिसत होतं, आणि मी हातातल्या खुर्च्या तिथेच खाली ठेवल्या.

माझी बायको उपाशी पोटी झाडाला सूत गुंडाळत होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि रांग सोडून आली.

"मी येईपर्यंत झालं होतं हे सगळं," ती म्हणाली. "मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण काय वाईट केलं? मान दिला हंड्याला."

मी काकूंकडे गेलो. म्हटलं, अकराच्या आत पुन्हा पालथा घालायला हवा.

"अहो, वरुणाचं आवाहन झालंय त्यात. गुरुजींनी अक्षता वाहिल्यात. उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचा कसा?"

"मग करून टाका उत्तरपूजा."

"गुरुजी गृहप्रवेशाला गेले. चारला येतील."

आमचे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवारी तीन गावं करतात. फोन लावला, तो बंद. मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. ते माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच नागपूरचे. हातात माईक होता.

"यार, आज सणाचा दिवस आहे, सीन क्रिएट करू नको. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी सेपरेट स्लॉट घेऊ ना आपण."

"त्या चौऱ्याऐंशीच्या होतील."

"म्हणजे आहेत की अजून!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि भाषणाला उभे राहिले. ते भाषण मला जवळजवळ पाठ आहे. ज्यांनी हे घर बांधलं ते बैलगाडीने आले, आपण एच-वन व्हिसावर आलो. त्यांच्याकडे कुऱ्हाड होती, आपल्याकडे लॅपटॉप. तेही शून्यातून उभे राहिले, आपणही. ते पायोनिअर, आपणही पायोनिअर. टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्षबाईंना कोणीतरी भाषांतर करून सांगितलं, त्यांनी छातीवर हात ठेवला. शून्यातून! मला त्या अकरा माणसांचा आकडा ओरडून सांगावासा वाटला. पण माईक त्यांच्या हातात होता आणि समोरचे सगळे आनंदात होते. आपली तुलना कोणाशी व्हावी हे आम्ही केव्हाच ठरवून टाकलं आहे. बैलगाडीत बसून आलेल्यांशी. गाडीमागून चालत आलेल्यांशी नाही.

अकराला पाच कमी असताना आजी आल्या. भाच्याने व्हीलचेअर गाडीतून उतरवली. निळा पोशाख, डोक्यावर टोपी, मागे चर्चमधल्या चौघी. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि भाच्याला थांबायची खूण केली.

काकू हसत पुढे झाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. "या, या, मावशी! वेलकम!" म्हणत त्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, बोट बुडवलं आणि मग काहीतरी आठवून इंग्रजीत विचारलं, "युवर हजबंड?"

"तो गेला," आजी म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली."

कपाळापासून वीतभर अंतरावर काकूंचं बोट थांबलं. क्षणभर तिथेच राहिलं. मग त्यांनी ते पदराला पुसलं आणि ताटातलं एक झेंडूचं फूल आजींच्या हातात ठेवलं.

आजींनी थँक्यू म्हटलं. काकू वळल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी इस्पितळात काढली. गोऱ्या पेशंटांचे थांबलेले हात पुष्कळ पाहिले. याचं कारण काय होतं?"

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी फूल उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे तुमच्याकडेही आहे," एवढंच म्हणाल्या.

मग हंड्याबद्दल विचारलं. तेही सांगितलं, जमेल तेवढ्या सरळ शब्दांत. भाचा आडदांड, मालवाहू ट्रक चालवणारा. मी त्याला म्हटलं, एक बाजू तू धर, एक मी धरतो, कलश मी बाजूला काढून ठेवतो, जे बोलायचं ते मला बोलतील. मी काठाला हात घातलासुद्धा. अध्यक्ष माईक ठेवून यायला निघाले.

"हात काढ," आजी म्हणाल्या.

"आजी, वेळ तुमची आहे. कागदावर लिहिलेली आहे."

"हात काढ म्हणते ना. आत त्यांचा देव बसवलाय. आमची माणसं देवाचं नाव घ्यायला बसली की मालकाचे लोक येऊन सगळं लाथेने उधळायचे. मी तेच करू? माझ्या पणजीच्या दारात?"

भाच्याने हात खिशात घातले. समितीच्या अध्यक्षबाई एव्हाना पोचल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला. "किती समजूतदारपणा! आणि खरं सांगू का, हंडा असाच किती छान दिसतो. जिवंत वाटतो." त्यांच्यामागे शहराच्या वार्तापत्राचा फोटोग्राफर होता. त्याने काकूंना हंड्याच्या एका बाजूला उभं केलं, आजींच्या व्हीलचेअरला दुसऱ्या बाजूला, मधे अध्यक्षबाई. फोटोत आजींच्या हातात झेंडूचं फूल आहे आणि त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.

चौऱ्याण्णव डिग्री फॅरनहाइट ऊन होतं. चारपर्यंत बसायची सोय नव्हती. चर्चमधल्या बायकांनी विचारलं, गाणं इथेच म्हणायचं का, सरळ हंड्याशेजारी? आजी म्हणाल्या, "उघड्या तोंडाच्या हंड्यापुढे मी काय म्हणू?" पाऊण वाजता त्या गेल्या.

चारनंतर गुरुजी आले, उत्तरपूजा झाली, नारळ फोडला, प्रसाद वाटला. बागेत आम्ही दोघंच उरलो तेव्हा बायकोने पदर खोचला. दिवसभर उपाशी असूनही तिने आणि मी मिळून तो हंडा उंबऱ्यात पालथा घातला. माझ्या अंगठ्याचं नख तेव्हा फाटलं. बाग साडेआठला बंद होते. आम्ही तसेच आजींच्या दारात गेलो.

"चला. पालथा घातलाय. तीन तास आहेत."

त्या पोशाख बदलून घरच्या झग्यात बसल्या होत्या. बायकोच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे, मग माझ्या अंगठ्याकडे त्यांनी पाहिलं. आत जाऊन बँडेज आणलं, माझं नख स्वच्छ केलं, पट्टी बांधली.

"परवानगी अकरा ते एकची होती," त्या म्हणाल्या. "ती मागताना मी दोन वर्षं हसतमुख राहिले. आता चोरून नाही जाणार मी. ते आमच्या घरात पुष्कळ झालं."

वार्तापत्रात फोटो आला. खाली लिहिलं होतं: पायोनिअरांच्या हंड्यात मैत्रीची नवी फुलं. तो मंडळाच्या ग्रुपवर फिरला, आणि या वेळी अंगठे सतरा नव्हते, मी मोजायचं सोडून दिलं. समितीला ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी हंडा कायमचा बाहेर अंगणात, सरळ ठेवून, त्यात फुलझाडं लावायचं ठरवलं. झेंडूची रोपं मंडळाने दिली, काकूंनी स्वतः निवडून. मी समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: आपल्या भावना पोचल्या.

सप्टेंबरात एकदा चालायला गेलो तेव्हा त्यात झेंडू फुलला होता. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून हंड्याच्या बुडाला ड्रिलने भोकं पाडली होती. मी गुडघ्यावर बसून खालून बोट घालून पाहिलं. चार भोकं, प्रत्येक अर्ध्या इंचाचं. बीड कापलेल्या कडा अजून चकचकीत होत्या.

आजींना सांगू की नको, असा आठवडाभर विचार केला. मग सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर मी त्यांना तोंड दाखवू शकलो नसतो.

"चारही आरपार?"

"हो."

"तुझं शास्त्र काय म्हणतं, कॅल्क्युलेटर? भोकं पडलेला हंडा आवाज धरतो का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तसाही धरत नव्हता, नाही का," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या वर्षी वटपौर्णिमेचं आमंत्रण आलं तेव्हा बायकोने ग्रुप सोडला. मंडळात त्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. वेगळ्या स्लॉटचं काय झालं ते अध्यक्षांना मी विचारलं. ते म्हणाले, त्यांच्याकडून काही रिक्वेस्टच आली नाही.

ती खरंच आली नव्हती. एकोणीस जूनला संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर आलो. आजींच्या पोर्चमध्ये, बंद दारासमोर, त्यांचं सूप करायचं मोठं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलेलं होतं. खिडक्यांचे पडदे ओढलेले. रस्त्यावर भाच्याचा ट्रक. ते घर त्यांच्या नावावर आहे, त्याचे सगळे हप्ते फिटलेले आहेत, आणि मोठ्याने गायला त्यांना कोणाची बंदी नाही.

मी डबा ठेवला आणि बराच वेळ तिथे उभा राहिलो. आतून काहीही ऐकू येत नव्हतं.